चोराचा मोजा

पोलिसांच्या श्वानपथकाला एक चोर हवा होता आणि चष्मेवाल्याने तो व्हायचं कबूल केलं होतं. पोलीस ठाण्यात स्वयंसेवक म्हणून नाव घातलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चौकातली वाहतूक होती. शिट्टी वाजवायची, शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, झालं. पण श्वानपथकाचे हवालदार दुकानात चष्म्याची काडी बसवून घ्यायला आले आणि त्याला नखशिखांत न्याहाळून म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे या. तुम्हाला बघितलं की कुत्र्याला आपोआप संशय येईल."

"चावतं का हो?"

"राणी? छे छे! आणि जाड कोट देतोच की आम्ही."

चावत नसेल तर जाड कोट कशाला, हा प्रश्न त्याला हवालदार गेल्यावर सुचला आणि मग पाठ सोडीना.

काम तसं सोपं होतं. वापरलेला एक मोजा पोलिसांना द्यायचा आणि कुठेतरी लपून बसायचं. मोज्याचा वास घेऊन राणी माग काढणार, माणूस सापडला की त्याच्यासमोर बसून भुंकणार. सरावाच्या सकाळी चष्मेवाल्याने चपलांच्या कपाटात हात घातला, बुटात खुपसलेला एक करडा मोजा ओढून पिशवीत कोंबला आणि बायकोला म्हणाला, "जातो मी. काही झालं तर..."

"काही होत नाही," बायको म्हणाली. "आणि येताना बाबांना घेऊन या. व्यायामाला गेलेत. त्या गुडघ्याने एकटे कसे परत येतील?"

बाबा म्हणजे चष्मेवाल्याचे सासरे. दोन वर्षांपूर्वी 'गुडघा बरा होईपर्यंत' म्हणून राहायला आले होते. गुडघा काही बरा होत नव्हता. रोज सकाळी हळूहळू, काठी टेकत, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाला जात.

कोपऱ्यावरच्या बागेत चष्मेवाल्याने तो गादीसारखा कोट चढवला आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उकिडवा बसला. तिथे त्याला जी जी भीती वाटू शकत होती ती ती वाटून झाली. कोटाला एखादं भोक असलं तर? राणीचं आज पोट बिघडलेलं असलं तर? आपल्याला शिंक आली आणि तिला तो अपमान वाटला तर?

तेवढ्यात ती आली. वासराएवढी, तपकिरी, नाक जमिनीला लावलेली. तिच्या मागे दोरीला लोंबकळत हवालदार. चष्मेवाल्याने डोळे गच्च मिटले आणि देवाचं नाव घेतलं. उघडून बघतो तर राणी त्याच्या पायाजवळून सरळ पुढे निघाली होती.

"अहो हवालदार! मी इथे आहे!"

"गप्प बसा!" हवालदार ओरडले. "तुम्ही लपलेले आहात! मला तुम्ही दिसत नाही!"

"पण ती पुढे चालली..."

"ती बरोबर चाललीये! तिचं नाक कधी चुकत नाही!"

राणी फाटकातून बाहेर पडली. नाक चुकत नाही, तर मग चुकलं काय? टाकीमागे बसल्या बसल्या चष्मेवाल्याला एकदम आठवलं. त्याची बायको मोजे गठ्ठ्याने आणत असे. सगळे करडे. त्याचेही आणि बाबांचेही.

म्हणजे राणी बाबांना शोधायला निघाली होती! वासराएवढं जनावर अंगावर येणार, त्या अधू गुडघ्याने बाबा पळणार कसे? पडतील. हाड मोडेल. हृदय बंद पडेल. त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, बाबा कुठे जातात व्यायामाला?"

"खेळाच्या मैदानामागे तो मोठा हॉल आहे ना, त्याच्या शेजारच्या दवाखान्यात. का हो?"

"काही नाही. म्हणजे, पोलीस त्यांच्या मागावर आहेत. कुत्रा घेऊन. पण तू काळजी करू नकोस."

बायको म्हणाली, "बाबांना काही झालं ना, तर घरी येऊ नका," आणि फोन बंद झाला.

चष्मेवाला धावत सुटला. पुढे कुत्रा, त्याच्या मागे पोलीस आणि पोलिसामागे गादी गुंडाळलेला माणूस, अशी वरात बाजारातून निघाली. कुत्रा आणि पोलीस पुढे गेले. गादी मात्र लोकांनी अडवली. भाजीवालीने त्याची एक बाही धरली, तिच्या नवऱ्याने दुसरी.

"काय झालं हो? कुणाला पकडायचंय?"

"चोराला!"

"कुठाय चोर?"

"मीच आहे चोर! सोडा मला, त्या पोलिसाला गाठायचंय!"

हे ऐकून पकड आणखी घट्ट झाली. "स्वतःच कबूल करतोय बिचारा," भाजीवाली हळहळली. "डोक्यावर परिणाम झालाय. धरून ठेवा हो, परत येतील पोलीस." चष्मेवाल्याने गयावया केली, स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, आणि काहीच चालेना तेव्हा खाली बसून कोटातून सुळकन निसटला. नवरा-बायकोच्या हातात नुसता कोट उरला.

दवाखान्याला कुलूप होतं. भुंकणं ऐकू येत होतं ते शेजारच्या हॉलमधून. चष्मेवाला छाती धरून आत शिरला आणि दारातच थबकला.

आत बॅडमिंटनचं मैदान होतं. अर्धी विजार घातलेले एक गृहस्थ हातात रॅकेट घेऊन मैदानाला वाऱ्याच्या वेगाने फेऱ्या मारत होते आणि राणी त्यांच्या मागे होती. गृहस्थ जाळीपाशी आले, त्यांनी जाळीवरून उडी घेतली, पलीकडे नीट दोन पायांवर उतरले आणि दोन ढांगांत पंचाच्या उंच खुर्चीवर चढून बसले. राणी खुर्चीखाली बसून शहाण्यासारखी भुंकू लागली.

"सापडला!" हवालदार आनंदाने म्हणाले.

"बाबा!" चष्मेवाला म्हणाला.

वरून सासऱ्यांनी खाली पाहिलं. "जावईबापू, तुम्ही? या... या बाजूला कसे?"

"बाबा, गुडघा?"

सासऱ्यांनी गुडघ्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मग आवाज उतरवून म्हणाले, "बरा झाला. होऊन वर्ष झालं असेल."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की निघावं लागलं असतं. 'गुडघा बरा होईपर्यंत' म्हणून आलो होतो ना. तिकडे घरात कोण आहे? सकाळी कुणाला 'चहा झाला का' विचारावं तर भिंत. इथे तुम्ही आहात, माझी लेक आहे." रॅकेट मांडीवर आडवी ठेवून ते म्हणाले, "तिला कळू देऊ नका. पाया पडतो तुमच्या. म्हणजे, हे कुत्रं हललं की पडतो."

चष्मेवाला आयुष्यात बायकोशी कधी खोटं बोलला नव्हता. तत्त्वाचा प्रश्न नव्हता, त्याचे कान लाल होत असत. तो काही बोलणार, तोच धापा टाकत बायको दारात उभी राहिली. तिने कुत्रं पाहिलं, खुर्ची पाहिली, खुर्चीवरचे बाबा पाहिले.

"बाबा! तुम्ही एवढ्या वर चढलात कसे?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. राणीनेही भुंकणं थांबवून पाहिलं.

"मी चढवलं," चष्मेवाला म्हणाला. कान भट्टीसारखे तापले होते. "खांद्यावर घेऊन. कुत्रं अंगावर येत होतं, म्हणून."

हवालदारांनी तोंड उघडलं, चष्मेवाल्याचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. सासरे मात्र लगेच कण्हू लागले. खुर्चीवरून त्यांना उतरवायला तिघे लागले. हवालदार चष्मेवाल्याच्या कानाला लागले, "पुढच्या वेळी चोर म्हणून आजोबांनाच पाठवा. तुम्ही वाहतुकीला जा."

सासरे कपडे बदलायला आत गेले, तशी बायको नवऱ्याजवळ सरकली.

"तुम्ही त्यांना खांद्यावर घेतलंत? तुमच्याने पाण्याची बादली उचलत नाही."

"अगं, ते..."

"हळू बोला. मी चार-सहा महिन्यांपूर्वीच या खिडकीतून बघितलंय त्यांना. कसले फटके मारतात! घरी आल्यावर रोज त्यांच्या गुडघ्याला तेल चोळते, ते काय मला हौस आहे म्हणून?" तिने पदराने डोळे टिपले. "मला कळलंय हे त्यांना कळलं ना, तर स्वाभिमानी माणूस दुसऱ्या दिवशी बॅग भरेल. तुम्ही त्यांना एक अक्षर बोलू नका. शपथ आहे."

सासरे काठी टेकत बाहेर आले आणि जावयाच्या कानाशी पुटपुटले, "तिला संशय नाही ना आला?"

"अजिबात नाही," जावई म्हणाला. आता त्याचे दोन्ही कान लाल झाले होते, एक बायकोच्या बाजूचा, एक सासऱ्यांच्या.

सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला सगळा भार त्याच्यावर टाकला. मागून बायको म्हणाली, "सावकाश हं, बाबा. घाई नाही काही."