छत्रीच्या डब्यातलं एक मत

तालुक्याचे साहेब, खोटं तुम्ही बोललात. मत गुप्त राहील, अशी दवंडी मुरूम गावात तुमच्याच माणसानं पिटली. आणि त्याच दिवशी पेठेतल्या सभेत तुम्हीच म्हणालात, "एकूण एक मत नांगराच्या डब्यात पडलं तर नळ देतो. एक जरी फुटलं तर नळ दुसऱ्या गावाला!" मग गुप्त काय राहिलं? तुमचं डोकं?

साल अठ्ठावन्न. पंचायतीत पेठेच्या एका जागेची निवडणूक. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, पण साहेबापुढं माना डोलवायची खोड काही गेली नव्हती. सगळी पेठ नांगराची. नांगराचा उमेदवार महांतप्पा आडत्या. त्याच्याविरुद्ध छत्री घेऊन उभा एकटा शांतलिंग शिंपी. आणि हे दोघं वीस वर्षं रेवणसिद्धाच्या हॉटेलात एका चहात भागवणारे. कप एकाला, बशी दुसऱ्याला.

मतदानाच्या आदल्या दिवशी शांतलिंग म्हणाला, "स्वतःलाच मत टाकायचं म्हंजी पंगतीत आपणच आपल्याला वाढून घेणं. लाज वाटती गड्या."

"मग तुझं मला, माझं तुला," महांतप्पा म्हणाला. "पण कुणाला बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत."

पडद्याआड दोन डबे ठेवलेले, एकावर नांगर, एकावर छत्री. शांतलिंगनं आपली चिठ्ठी इमानानं नांगराच्या डब्यात सारली. संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर डबे फुटले. नांगर सहाशे अकरा. छत्री एक.

"एक म्हंजी ह्याचंच!" पेठ खवळली. बायांनी रिकाम्या घागरी आणून शांतलिंगच्या दुकानापुढं मांडल्या. त्याचं गिऱ्हाईक बब्रुवान, त्यानं आपला अर्धवट शिवलेला सदरा हिसकून नेला आणि रागारागात एकाच बाहीचा सदरा घालून गावभर हिंडला.

"बायकोनं बी मत दिलं न्हाय वाटतं शिंप्याला!" तो चावडीवर ओरडला.

तिथं शांतलिंगचं तोंड सुटलं. "आरं, म्या माझ्या डब्यात टाकलंच न्हाय!"

बोलला आणि त्यानं जीभ चावली.

"मग कुणी टाकलं?"

झालं. दुसऱ्या दिवशी अख्खी पेठ महादेवाच्या देवळात. ज्याच्या गळ्यात लिंग त्यानं लिंगावर हात ठेवून सांगायचं, 'म्या छत्रीत मत टाकलं न्हाय.' ज्याच्या गळ्यात नाही त्यानं तुळजाभवानीचं कुंकू उचलायचं. आधी पुरुष, मग बाया.

निवडून आलेला म्हणून महांतप्पाचा नंबर पहिला. पण तो भलताच नम्र झाला. "तुमी घ्या आधी... शरणप्पा, तुमी या पुढं... बब्रुवान, तू वाकडा का उभा? ये." करता करता पुरुषांत तो आणि शांतलिंग असे दोघंच उरले.

"म्हांतप्पा, ठेवा हात," बब्रुवान म्हणाला.

महांतप्पाचा हात लिंगापर्यंत गेला आणि तिथंच अडला. कपाळावरची विभूती घामानं नाकावर आली. शांतलिंगच्या मनात आलं, आता हा माझ्यापायी देवापुढं खोटं बोलणार! आणि खरं बोलला तर पेठ ह्याला उभा चिरणार!

"थांबा!" तो ओरडला. "म्याच टाकलं. काल खोटं बोललो."

एकच गलका झाला. "घाल दंडवत! माग पेठेची माफी!"

शांतलिंग आडवा झाला. महांतप्पानं नाकावरची विभूती पुसली. तेवढ्यात बायांतून शिवकांता, शांतलिंगची बायको, पदर खोचून पुढं आली.

"उठा हो! कशाला धुळीत लोळता? ते मत माझं हाय." तिनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "माझा नवरा छत्री घिऊन उभा, आन् म्या काय नांगर हाकू? कुणाला काय करायचं ते करा. आन् बब्रुवान, तू आधी दुसऱ्या बाहीचं कापड घिऊन ये!"

"वैनी, पण मत तर एकच निघालं," बब्रुवान म्हणाला.

"व्हय. एकच. माझंच."

शांतलिंग उठता उठता गुडघ्यावरच थांबला. त्यानं एक बोट वर केलं, बायकोकडं बघितलं. दुसरं बोट महांतप्पाच्या नावानं अर्धवट वर आलं आणि तिथंच थांबलं. तो सावकाश उठला. नाकाला धूळ तशीच. महांतप्पापुढं जाऊन उभा राहिला.

"म्हांत्या."

महांतप्पानं नंदीकडं बघितलं. नंदीनं काही कुणाची बाजू घेतली नाही.

"नंदीला काय इचारतोस? मला सांग. तुझं मत कुठं गेलं?"