तांबडा दिवा आणि अकरा मुहूर्त

दिवाकररावांना या सौद्यात मिळणार काय होतं, ते आधी मांडून टाकतो. तुळशीच्या लग्नानंतरचे अकरा मुहूर्त, दर मुहूर्ताला त्यांच्या पंचेचाळीस वर्षांच्या अँबॅसेडरला झेंडूच्या माळा, आणि स्टिअरिंगवर फेटा बांधून स्वतः दिवाकरराव. भाडं वेगळं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून या माणसाला फेटा सोडा, बँकेत कुणी खुर्चीही दिली नव्हती!

लग्नाला गाड्या पुरवणारा अभिनव रविवारी गाडी बघायला येणार होता. पसंत पडली तर हे सगळं. नाही पडली तर सोमवारी गुढियारीचा भंगारवाला. ही मुदत त्यांच्या सौभाग्यवतींची, लतावहिनींची. वहिनींनी घातलेली मुदत आजवर एकदाच वाढली होती, तीही कोरोनामुळे.

मी शेजारी, म्हणून शनिवारी सकाळी हजर. "हे इंजन मले विचारल्याशिवाय बंदही नाही पडत," असं म्हणून दिवाकररावांनी किल्ली फिरवली. तेलाचा तांबडा दिवा लागला. तो लागायचाच. इंजिन सुरू झालं, तेलाचा दाब चढला की तो विझतो. इंजिन सुरू झालं. दिवा मात्र सरकारी कार्यालयातल्या पंख्यासारखा, कुणी असो नसो, चालूच!

तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल पुरेपूर. पण तेल जास्त तर दाब जास्त, असा हिशेब करून दिवाकररावांनी वर आणखी दोन लिटर ओतलं. गाडीनं असा निळा धूर सोडला की आमच्या अख्ख्या ब्राह्मणपाऱ्यात डास उरला नाही. मग तेच तेल खालून काढता काढता अंगण माखलं, मी माखलो. दिवा जळतच होता.

अखेर त्यांनी घरातून वहिनींची सगळ्यात मोठी टिकली आणली आणि दिव्यावर चिकटवली.

"अभिनवले काय समजते?"

मी म्हटलं, त्याला नाही समजणार, पण दाब खरंच नसेल तर नवरदेव मंडपाऐवजी मेकॅनिककडे पोचेल. हे त्यांना पटलं. तोंड एवढंसं करून त्यांनी इंद्रजीत मेकॅनिकला फोन लावला.

इंद्रजीतनं आल्या आल्या टिकली काढली, आरशाला लावली, आणि इंजिनावर दाब मोजायचं घड्याळ चढवलं. काटा टुणकन वर. "प्रेशर तो जवान आदमी का है, अंकल." मग हा दिवा ज्याच्यावर चालतो, त्या तेलाच्या स्विचची वायर काढली. आता तरी दिवा विझायला हवा होता. नाही विझला. म्हणजे वायरच वाटेत कुठंतरी गाडीच्या पत्र्याला टेकली असणार. इंद्रजीत वायरीवर बोट ठेवून सरकत सरकत बॅटरीच्या मागं गेला, तिथं थबकला, काहीतरी पिळून सोडवलं आणि हात बाहेर काढला.

हातात लिंबू, सात मिरच्या आणि कोळसा. सगळं लोखंडी तारेत ओवलेलं. तीच तार वायरीला आवळून पत्र्याच्या बोल्टला पिळली होती. वायरीचं रबर कापून आत घुसली होती. ती सुटली तसा तिकडे दिवा विझला.

दिवाकररावांनी माझ्याकडे पाहिलं, मी इंद्रजीतकडे. लतावहिनी दारातून म्हणाल्या, "मीच बांधलं. मंगळवारी."

"तू तं गाडी भंगारात काढून राहिली होती?"

"भंगारात जाईल तं माझ्या सांगण्यानं जाईल. लोकांच्या नजरेनं काहून जाईल?"

 दिवाकरराव फडकं घेऊन गाडीचा आधीच चकचकीत असलेला पुढचा मोठा दिवा पुसू लागले. रविवारी अभिनवनं गाडी शहरभर फिरवली आणि अकराच्या अकरा मुहूर्त लिहून घेतले. पहिल्या लग्नाला शेजारच्या सीटवर वहिनी बसणार, हेही ठरलं.

आता खर्चाची बाजू. वाया गेलेलं दोन लिटर तेल दिवाकररावांचं, टिकली वहिनींची. राहिले इंद्रजीतचे चारशे. ते मी दिले. उदार म्हणून नव्हे. ही एवढी नजर नेमकी कुणाची, असं मी सहज विचारून बसलो. तेव्हा वहिनी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.