करकोचीच्या कानात तेल

एका जंगलात एक तळं होतं, मुलांनो. कुठलं जंगल ते विचारू नका. नाव सांगितलं की तिथली मंडळी जाब विचारायला घरी येतात, आणि मग त्यांना चहा करावा लागतो.

या जंगलात सिंह नव्हता. पूर्वी होता म्हणत. आता अस्वल होतं. ते राजा नव्हतं, अध्यक्ष होतं. यातला फरक तुम्हाला मोठेपणी कळेल. नाही कळला तरी बिघडत नाही, अस्वलालाही कळला नव्हता.

तर या तळ्यावरून दरवर्षी कार्तिकात करकोचे जायचे. करकोचा म्हणजे उंच पायांचा, लांब मानेचा राखाडी पक्षी. फार लांबून, बर्फाच्या डोंगरांपलीकडून यायचे. रात्री उडायचे. अंधारात कोणी चुकू नये म्हणून उडता उडता एकमेकांना हाका मारायचे.

खाली जंगलात रीत अशी होती की त्या दिवसांत रात्री सगळ्यांनी गप्प बसायचं. वरून हाक आली की काठावरच्या टिटवीने उत्तर द्यायचं. टिटवी ओरडली की वर कळायचं, खाली पाणी आहे, धोका नाही, उतरा. उत्तर आलं नाही की थवा पुढे जायचा.

एवढंच. यात कार्यक्रम असं काही नव्हतं. पिल्लं आयांच्या पोटाशी बसून कान देऊन ऐकायची आणि ऐकता ऐकताच झोपून जायची.

त्या वर्षी तळ्यावर एक करकोची एकटीच राहत होती. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी थवा परत निघाला, तेव्हा तिचा पंख दुखावला होता. नवरा आणि पिल्लू थव्याबरोबर गेले. जायलाच हवं होतं. उन्हाळा, पावसाळा तिने एकटीने काढला. आता पंख बरा झाला होता. पण करकोचा एकटा लांब गेला की हरवतो. थवा येईल, हाक मारील, आपण वर उडून त्यात मिसळू, याच आशेवर ती बिचारी बसली होती.

तिला काळजी एकच होती. ती टिटवीला म्हणाली, "ताई, माझं पोर गेलं तेव्हा शीळ घातल्यासारखं बारीक ओरडायचं. आता मोठं झालं. आवाज फुटला असेल. मला ओळखू येईल का गं?"

"आईला नाही ओळखू येणार तर कोणाला येणार? तू नको काळजी करूस. मी आहे ना उत्तर द्यायला," टिटवी म्हणाली.

टिटवी मनाने चांगली होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हाला तिचा राग येणार आहे.

आता झालं काय, अध्यक्ष अस्वल शेजारच्या जंगलात पाहुणचाराला जाऊन आलं. तिथे मोरांच्या नाचाचा महोत्सव होता. मांडव, हार, भाषणं, सगळं साग्रसंगीत. अस्वल परत आलं ते तोंड पाडूनच. त्याने सभा बोलावली.

"त्यांच्याकडे नाच आहे. आपल्याकडे काय आहे?" त्याने विचारलं.

मग ससा म्हणाला, "आपण कार्तिकात रात्री ऐकतो."

"मग ऐकण्याचा महोत्सव करू," अस्वल म्हणालं. "जो पहिली हाक ऐकेल, त्याला कानाचा मान."

कानाचा मान म्हणजे कानाला झेंडूची माळ, आणि उन्हाळाभर पाण्यावर पहिला नंबर. माळेचं कोणाला एवढं कौतुक नव्हतं. पण उन्हाळ्यात त्या तळ्याचा नुसता चिखल व्हायचा, तेव्हा पहिल्या नंबरासाठी कोणीही काहीही ऐकायला तयार होतं.

त्याच संध्याकाळी ससा ओरडत आला, "मी ऐकली." अजून उजेड होता. पण सशाचाही नाइलाज होता हो. एवढे लांब कान असून दुसऱ्याने आधी ऐकलं असतं, तर बायकोने बिळात घेतलं नसतं.

मग रानडुकराने सांगितलं की आपण सशाच्याही आधी ऐकली होती, पण बढाई मारायचा आपला स्वभाव नाही. माकडाने तर आदल्याच दिवशी ऐकली होती.

करकोची पळतच आली. "कुठून आली हाक? कोणत्या बाजूने?"

सशाने एकीकडे पंजा दाखवला, डुकराने दुसरीकडे. माकड म्हणालं, "अगदी डोक्यावरून."

"आवाज कसा होता?"

"मधुर," माकड म्हणालं. "बासरी वाजावी तसा."

"आमचा आवाज मधुर नसतो हो. घोगरा असतो. घशात खडे अडकल्यासारखा."

"ते तुमचं मत झालं," माकड म्हणालं.

पाहता पाहता सगळ्या जंगलाला हाक ऐकू आली. तळ्यातल्या कासवालासुद्धा आली. राहिली एकटी करकोची. ती आपली ज्याला त्याला सांगत सुटली, "अहो, ते अजून आलेलेच नाहीत."

मुलांनो, सगळ्यांना ऐकू येतंय आणि एकाला येत नाही, तर बिघाड कोणाच्या कानात असतो? बरोबर. जंगलालाही तसंच वाटलं. कोणी तिच्यावर चिडलं नाही. उलट सगळ्यांना फार वाईट वाटलं. "बिचारी, स्वतःच्या माणसांचा आवाज ऐकू येईना हो," असं म्हणून अस्वलाने डोळे पुसले आणि घुबडाला बोलावलं. घुबड जंगलाचा वैद्य होतं.

घुबडाने तपासलं. करकोचीचे कान पिसांत दडलेले, ते सापडेपर्यंतच दुपार झाली. मग ते म्हणालं, "मोहाचं तेल घालू. गरम करून."

"मला नको. मला चांगलं ऐकू येतं," करकोची म्हणाली.

"ऐकू न येणारे असंच म्हणतात," घुबड म्हणालं.

तिला सगळ्यांनी धरलं. प्रेमाने धरलं, पण धरलं. डाव्या कानात तेल गेलं. उजव्या कानाच्या वेळी ती निसटली.

मग सत्काराची रात्र ठरली. पहिली हाक सगळ्यांनीच ऐकलेली असल्यामुळे मानही सगळ्यांनाच द्यायचा होता. काठावर एकच मोकळी जागा होती, तिथे मांडव घातला. आता करकोच्याला उडायचं म्हणजे आधी धावावं लागतं, आणि धावायला तेवढी जागा लागते. करकोची रोज सकाळी तिथेच धावून पंख ताणत असे. हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून तर मांडवासाठी कोणती जागा सपाट आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"आज वारा फिरलाय," ती संध्याकाळी अस्वलाला म्हणाली. "आज नक्की येतील. पाया पडते तुमच्या, आजची रात्र तेवढी गप्प बसा."

"आज कसं जमेल?" अस्वल म्हणालं. "आज माझं शांततेवर भाषण आहे."

आणि भाषण झालं की. शांतता म्हणजे काय, शांततेची आपली थोर परंपरा, शांततेपुढची आव्हाने. अस्वलाने शांतता हा शब्द उच्चारला की टाळ्या पडत. मांडव कानाकोपऱ्यापर्यंत भरला होता. पिल्लं जागीच होती. एवढ्या गोंगाटात कोणाला झोप लागते?

दोन टाळ्यांच्या मधे करकोचीला उजव्या कानाने हाक ऐकू आली. घोगरी, घशात खडे अडकल्यासारखी. मागोमाग दुसरी, तशीच पण कोवळी. पोराचा आवाज फुटला होता. अगदी बापावर गेला होता. तिने तो एका क्षणात ओळखला, आणि इतके दिवस उगीच काळजी केली म्हणून तिचं तिलाच हसू आलं.

"आले," ती म्हणाली. "ताई, उत्तर दे गं."

टिटवी मानकऱ्यांच्या रांगेत उभी होती. पुढचा नंबर तिचाच होता. "एवढी माळ घातली की देते हं," ती म्हणाली.

करकोची स्वतःच ओरडली, तर माकडाने तिला समजावलं, "ताई, आभाराच्या वेळी तुम्हाला दोन शब्द बोलायला देणार आहोत." ती धावायला वळली, तर जिकडे तिकडे मांडवाचे खांब आणि बसलेले श्रोते. थवा तळ्यावर एक घिरटी घालून गेला. पोर हाका मारत होतं. खालून टाळ्यांशिवाय काही वर गेलं नाही.

ती कशीबशी मांडवाबाहेर पडली, धावली, उडाली. पण कोणत्या बाजूने जायचं? एका कानाने हाक ऐकू येते, बाजू कळत नाही. रात्रभर ती तळ्यावर फिरत राहिली आणि उजाडता उजाडता खाली उतरली.

"आता आलं का ऐकू?" अस्वलाने मायेने विचारलं.

"आलं," ती म्हणाली. "गेले ते."

जंगलाला केवढा आनंद झाला. घुबडाला शाल दिली. तेलाचा गुण आला होता ना. करकोचीलाही मान द्यावा असं कोणी तरी सुचवलं, पण ससा म्हणाला की नातेवाइकांची हाक धरता येत नाही.

पुढच्या वर्षापासून मात्र तिला मानाने मांडवात बसवू लागले. अस्वलाचं भाषण संपलं की माकड सांगतं, "आता करकोचीताई प्रत्यक्ष हाक मारून दाखवतील." ती मान उंच करते आणि वर अंधारात पाहून मनापासून हाक मारते. पोराला मारावी तशी. मग ती उजवा कान वर करून थांबते. पण तोवर टाळ्या सुरू झालेल्या असतात. "हुबेहूब," सगळे म्हणतात. आता वर ऐकत बसायची गरज उरलेली नाही.

तात्पर्य : मुलांनो, आकाशातून कोणी हाक मारील म्हणून उगीच ताटकळत बसू नये. हाक मारणारं एक जण घरीच ठेवून घ्यावं, म्हणजे कार्यक्रम वेळेवर होतो. टाळ्या तेवढ्या लगेच वाजवाव्यात. जरा उशीर झाला, तर वरून उत्तर ऐकू येण्याची भीती असते.