माजी जावयाची रजा

आमच्या ऑफिसचे रजेचे नियम मला इतके पाठ आहेत, की ज्यांनी ते लिहिले तेही अडलं की मलाच विचारतात! त्यामुळे सकाळी सासरे गेल्याचं कळल्यावर मी आधी रडलो आणि लगेच अर्ज लिहायला बसलो. सासऱ्यांसाठी मयतीची रजा मिळते. अडचण एवढीच, की त्यांच्या मुलीने मला केव्हाच सोडलं होतं आणि दुसरं लग्नही केलं होतं.

पण हे ऑफिसला कुठे ठाऊक होतं? घटस्फोट कोर्टात झाला, ऑफिसात कशाला सांगू!

आणि सासऱ्यांनी मला सोडलं नव्हतं हो. दर रविवारी बुद्धिबळाचा पट काखेत मारून हजर! "कोर्टाने तुझं तिच्याशी मोडलंय, माझ्याशी नाही. चल, मांड," म्हणायचे. या माणसाला खांदा द्यायचा नाही, तर हे खांदे काय शर्ट अडकवायला आहेत?

एचआरच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "मागे एकाची एकच आजी दोनदा वारली. तेव्हापासून मी खात्री करून घेते." असं म्हणून त्यांनी माझ्या पत्नीचा नोंदीतला नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला!

"हे गृहस्थ तुमचे कोण?"

पलीकडे नुसती रडारड. मग ती म्हणाली, "नवरा आहे माझा. लवकर पाठवा त्याला!"

माझे डोळे भरून आले. बाईंचेही भरले. "अशा अवस्थेत एकटे कसे जाल? चला, मी सोडते!" नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मला गाडीत कोंबलं. आगीतून फुफाट्यात! दारात तिचा खरा नवरा उभा असला तर? वाटभर मी घाम पुसत होतो आणि बाई मला धीर देत होत्या.

दारात तो नव्हता. मी हायसं वाटून तिच्याजवळ गेलो.

"फुगू नकोस," ती कुजबुजली. "त्याची नोकरी नवी आहे. वर्ष झाल्याशिवाय मयतीची रजा नाही म्हणे. खांद्याला माणूस कमी पडत होता."

असू दे! मी पुढे जाऊन खांदा दिला. सासरे इतके हलके झाले होते, की मला हुंदका आवरेना.

एवढ्यात फाटकातून कोणीतरी धापा टाकत आलं. "थांबा! नोकरीवर लाथ मारून आलोय! माझ्या सासऱ्यांना मला खांदा देऊ द्या!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे यांचे सासरे? मग तुम्ही कोण?"

चोर सापडला की निदान पळतो तरी. खांद्यावर सासरे घेऊन मी पळू कुठे?

"माजी जावई," मी म्हणालो आणि चालू लागलो. तोही मागे खांद्याला लागला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खोट्या माहितीच्या कलमावर बोट ठेवून मला घरी बसवलं. कलम बरोबर होतं, मीच तपासून दिलं! माझ्या जागेवर त्यांनी त्यालाच घेतलं. "सासऱ्यांसाठी नोकरी सोडणारा माणूस मिळतो कुठे?" म्हणाल्या म्हणे. आधी बायको, आता खुर्ची!

परवा तिचा फोन आला, सासूबाईंनी अंथरूण धरलंय. त्याची नोकरी पुन्हा नवी, म्हणजे वर्षभर त्याला रजा नाही. मी काय, घरीच असतो! कधीही हाक मार म्हणून सांगून ठेवलंय.