चहातला संशय

खंडाळ्यातल्या एका हॉटेलचं स्टोअर सांभाळणारे वाहिदभाई कुसगावच्या आपल्या घरी कुरकुरीसाठी प्रसिद्ध होते. (ते स्वतः तिला ‘सूचना’ म्हणत.) बायकोने, इफ्फतने, “डेटा अॅनालिसिसचा कोर्स लावू का?” विचारलं, तेव्हा मॅचवरची नजर न काढता ते “लाव की” म्हणाले आणि फसले.

कारण थोड्याच दिवसांत घरातला चहा बिघडला. एक दिवस नुसता पाक, दुसऱ्या दिवशी फिक्कट कोमट पाणी. त्यात एरवी चहा आदळून आत जाणारी इफ्फत आता समोर बसून त्यांचं तोंड न्याहाळायची, गालात हसायची आणि मोबाइलवर काहीतरी टिपायची.

“काय लिहितेस?”

“काही नाही. प्या ना!”

प्या ना! इतक्या लाडाने? हॉटेलची गाडी चालवणाऱ्या, भाजे गावच्या सोपानपाशी वाहिदभाईंनी मन मोकळं केलं.

“वहिनी हसत्यात?” सोपान गंभीर झाला. “भाऊ, तुमचा विमा हाय का?”

“आहे. वारस तीच.”

“मग जपून ऱ्हावा. आमी कशाला बोलू?”

संध्याकाळी वाहिदभाई घरी आले, तर इफ्फत स्वयंपाकघरात फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “अगं माधवी, रोज कमी-जास्त घालून देतेय, पण यांच्यावर काही परिणामच होत नाही! उद्या भरपूरच घालते. बघू काय होतं.”

सकाळी दोघांचा चहा आला. इफ्फत बिस्किटांसाठी वळताच वाहिदभाईंनी कप बदलले. तिने घोट घेतला आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी!

“थुंक! आधी थुंक!” वाहिदभाई किंचाळले. “मी माफ केलं तुला, पण तू मरू नकोस!”

“साखरेनं कोण मरतं हो?” इफ्फत तोंड पुसत म्हणाली आणि मग तिला सगळं सांगावंच लागलं. कोर्सचा प्रोजेक्ट होता. चहातली साखर ती मुद्दाम बदलत होती, म्हणून साखर हा स्वतंत्र चल. तिच्यामुळे वाहिदभाईंची कुरकुर कमी-जास्त होते का ते पाहायचं, म्हणून कुरकुर हा अवलंबी चल.

“आणि कुरकुर मोजतेस कशी?”

“सौम्य, मध्यम, जहाल. नुसता क्रम लावायचा. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही मुद्दाम गोड वागला असता.”

वाहिदभाईंचा जीव भांड्यात पडला. वर छातीही फुगली. आपला कोणीतरी अभ्यास करतंय!

“मग काय निघालं?” त्यांनी ऐटीत विचारलं.

“काही नाही. गोड चहा, फिका चहा, रोज जहालच. आज शेवटचा प्रयत्न होता. कोर्सच्या मॅडम कालच म्हणाल्या, जे बदलतच नाही त्याला चल म्हणत नाहीत, स्थिरांक म्हणतात. विषय बदला.”

“मग आता?”

“आता शेजारच्या शकुबाईंचं मांजर घेतलंय. दूध चांगलं असलं की ते निदान गप्प तरी बसतं.”