बिनब्रेकचे बाजीकाका

आमच्या शेजारचे बाजीकाका गाडीत बसले की पायाखालची मॅट झिजते. ड्रायव्हरची नव्हे, शेजारच्या सीटची. तिथे ब्रेक नसतो, पण काका तो शारजापासून दुबईपर्यंत दाबत असतात. माझ्या गाडीतली दुसरी मॅट त्यांच्याच कृपेने शेवटच्या घटका मोजते आहे.

आणि हाच माणूस एके काळी कोल्हापूरकडच्या मातीच्या ट्रॅकवर बिनब्रेकची मोटारसायकल पळवायचा. अजूनही शारजाच्या रोल्ला भागात चहाला थांबलो की कुणीतरी सांगली-कराडकडचा पाया पडतो. "बाजीराव, तुमचं ते शेवटचं वळण आठवलं की अंगावर काटा येतोय बघा." काका मिशीत हसतात. "ब्रेक म्हंजे भित्र्याचं काम, हबीबी." मग हमखास एक तक्रार येते. "आमच्या मंडळींनी एक रेस बघितली न्हाई. पब्लिक ओरडायलंय आणि ही ट्रॅककडं पाठ करून बसलीय." काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण काकांचा रुसवा अजून ताजा आहे.

त्यांच्या मुलीला, तन्वीला फुजैराच्या पोर्टवर नोकरी लागली. सोमवारपासून रोज डोंगरातून एकटीने गाडी न्यायची, आणि लायसन्स नवं कोरं. काकांनी अट घातली, आधी मला चालवून दाखव, मग हो म्हणतो. शनिवारी निघालो. भांडण झालंच तर सोडवायला म्हणून मला मागे कोंबलं.

शेजारून ट्रेलर गेला की काका डोळे मिटायचे. "हळू. अगं हळू."

"बाबा, आय ॲम ॲट एटी."

"एटी लई झालं."

डोंगर सुरू होण्याआधीच्या पंपावर तिने गाडी थांबवली. "यू ट्रस्टेड अ बाइक विदाउट ब्रेक्स, बाबा. नॉट मी?" ती रडवेली झाली होती.

काका उतरले. मलाही उतरवलं. "यल्ला, नीघ. घाटाखाली जाऊन वळून ये. एकटी."

गाडी निघाली तशी त्यांनी रस्त्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला.

"काका, बघा तरी, मस्त चाललीय."

"नको सांगू."

मी चहा आणला, तो गार झाला. मला त्यांची कीव आली, थोडा रागही आला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तुझी काकू पाठ करून इंजिन ऐकत बसायची रे. मी आपला उगंच रुसलो."

रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. मला त्यात आमची कुठली ते कळेना. काका मात्र न वळताच म्हणाले, "आली."

आणि त्यांनी पाय उचलला.