सिल्वेस्टरच्या गॅलरीपर्यंतचा पूल

फ्रिज घ्यायचा तर डबल-डोअरच घ्यायचा, असं सिल्वेस्टरने ठरवलं तेव्हा त्याने मुलीच्या लग्नाचा विचार केला, पाहुण्यांचा केला, पोर्कचा केला, कस्टर्डचाही केला. जिन्याचा तेवढा केला नाही.

जिना परळच्या जुन्या चाळीचा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे फिरायचं, नाहीतर दोघांनी जन्मभराची मैत्री करायची, इतपत रुंद. मेगनच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी फ्रिज पहिल्याच वळणावर अडकला. खाली हमाल, वर सिल्वेस्टर, आणि त्याच्यामागे कामाला निघालेली अख्खी चाळ.

"माप घेतलं होतंस ना?" वरून बायकोचा, म्हणजे ॲन्टोनेटचा, आवाज आला.

"घेतलं होतं!"

"कशाचं?"

"फ्रिजचं!"

(यात खोटं काही नव्हतं. दुकानदाराने सांगितलेलं माप त्याने लक्ष देऊन ऐकलं होतं.)

शेवटी फ्रिज परत अंगणात उतरला. ॲन्टोनेटने कठड्यावरून वाकून जाहीर केलं, "किचनमध्ये मटणाचा डोंगर पडलाय. दुपारपर्यंत फ्रिज वर आला नाही, तर उद्या पाहुण्यांना तुझं विंदालू करून वाढीन."

नुकताच रिटायर झालेला सिल्वेस्टर घाबरून फ्रिजला टेकला. तेवढ्यात तळमजल्यावरचा तुळशीदास कोळी आपला मासळीचा टेम्पो पुसत म्हणाला, "सिल्व्या, जिना कशाला चढतोस रे? सरकारने तुझ्या घरापर्यंत रस्ता आणून दिलाय ना!"

तो म्हणत होता त्या पुलाबद्दल. हा पूल रुळांवरून पलीकडे रे रोडच्या दिशेला जायचा होता. अलीकडचा अर्धा एका खात्याने बांधायचा, पलीकडचा दुसऱ्याने. दोघांनीही मोठ्या हौसेने कामाला सुरुवात केली, फक्त एकमेकांना विचारायचं राहून गेलं. बरंच बांधून झाल्यावर लक्षात आलं की पलीकडचा अर्धा एक माणूसभर उंच येतोय. मग चौकशी समिती नेमली. समितीचा खर्च पुलाच्या पैशांतून झाला. आणि समितीने सगळा अभ्यास करून सांगितलं की पुलाला पैसे कमी पडतायत. वाटेत येणारी हीच चाळ आधी पाडायची होती, पण ते काम तिसऱ्याच खात्याकडे होतं, आणि त्यांना पूल होतोय हे कोणी कळवलंच नव्हतं. तेव्हापासून पूल सिल्वेस्टरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीसमोर, हातभर अंतरावर, येऊन थांबला होता. लोक त्यावर सकाळी फिरायला जात, आणि दिवसभर तुळशीदासची बायको काशीबाई बोंबील वाळवत असे. सरकारने एवढी सोयीची जागा दुसरी बांधली नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं.

पुलाच्या तोंडाशी ठेवलेले ड्रम बाजूला सारून टेम्पो वर चढला. पुढे काशीबाई काठी घेऊन चालत होती. "बोंबलावर चाक घातलंस तर रातच्याला जेवू नको!" ती नवऱ्याला बजावत होती. सिल्वेस्टरने करवतीने स्वतःच्या गॅलरीचा कठडा कापून काढला. मधे दोन जाड फळ्या टाकल्या, आणि फ्रिज माप ओलांडणाऱ्या नवरीसारखा हळूच किचनमध्ये आला. सिल्वेस्टर प्लग लावायला मागे शिरला. तुळशीदासने बाहेरून मदत म्हणून एक शेवटचा धक्का दिला आणि तो टेम्पोकडे निघून गेला. आता पुढे भिंत, मागे फ्रिज, आणि मधे सिल्वेस्टर.

नेमक्या याच वेळी खात्याचे मोठे साहेब पुलाच्या पाहणीला आले. सोबत इंजिनिअर हितेंद्र. गेली कित्येक वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये 'काम प्रगतिपथावर आहे' एवढं एकच वाक्य बोलून त्याने दोन बढत्या मिळवल्या होत्या. साहेबांनी पाहिलं, तर ड्रम हटलेले आणि टेम्पो उभा.

"अरे वा! वाहतूक सुरू झाली?"

"हो सर," हितेंद्र घाम पुसत म्हणाला.

"आणि पुढे?"

पुढे फळ्या होत्या. साहेब त्यांवरून चालत थेट ॲन्टोनेटच्या किचनमध्ये आले.

ॲन्टोनेट वाट बघत होती नवऱ्यामुलाच्या, रॉयस्टनच्या, मस्कतवाल्या जेरी अंकलची. त्यांना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांचा सफारी सूट बघून तिची खात्रीच पटली.

"या, या! बसा ना!"

"म्हटलं प्रत्यक्षच पाहावं," साहेब म्हणाले. "दोन्ही बाजूंची उंची जुळत नाही, अशी तक्रार आहे."

"कोणी सांगितलं? आमची बाजू थोडी उंच आहे, कबूल. पण हील्स घालणार नाही, मग कळणारसुद्धा नाही."

साहेब हितेंद्रकडे वळले. "हील्स म्हणजे?"

"टेक्निकल टर्म आहे, सर."

"बरं. आणि खर्चाचं?"

"अर्धा तुमचा, अर्धा आमचा, असं ठरलंय ना! तुमचा अर्धा अजून आला नाही, हां!"

साहेब ओशाळले. "मंजुरीला वेळ लागतो, बाई."

'मंजुरी' हा शब्द ऐकताच फ्रिजमागे सिल्वेस्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. "ॲन्टोनेट! अगं, ते जेरी अंकल नाहीत!" तो ओरडला. पण तोंड भिंतीला चेपलेलं, त्यामुळे बाहेर नुसतं 'घूं घूं' आलं.

"नवीन आहे ना, आवाज करतो," म्हणत ॲन्टोनेटने फ्रिजला एक चापट मारली आणि पाहुण्यांपुढे नुकत्याच तळलेल्या गरम, गोल फुगियांची बशी ठेवली.

"मग दोन्ही बाजू जुळणार कधी?" साहेबांनी फुगिया तोंडात टाकत विचारलं.

"उद्या चार वाजता."

"उद्या?"

"फादरनी टाइम दिलाय."

"फादर कोण?"

"कन्सल्टंट, सर," हितेंद्र म्हणाला.

साहेब गहिवरले. "आणि हे टिकेल किती वर्षं?"

"देवाच्या दयेने मरेपर्यंत!"

"कोणाच्या मरेपर्यंत?"

"दोघांपैकी कोणाच्याही!" ॲन्टोनेट ठसक्यात म्हणाली. असलं अशुभ विचारणं तिला मुळीच आवडलं नव्हतं.

जाता जाता साहेबांनी हुकूम सोडला, की उद्या जुळणारच आहे, तर पूल आजपासूनच खुला करा. त्यावर कोणी काही बोलायच्या आत ड्रम उचलून नेले. (खात्याने त्याच दिवशी पूर्ण केलेलं हे पहिलंच काम.) सिल्वेस्टरला तुळशीदासने संध्याकाळी ओढून बाहेर काढलं. आलेले ते पुलाचे साहेब होते, असं त्याने परोपरीने सांगितलं, पण ॲन्टोनेटच्या मते जेरी अंकल येऊन गेले होते आणि साहेब अजून यायचे होते.

लग्न झकास झालं. ठरल्याप्रमाणे चार वाजता दोन्ही बाजू जुळल्या. खरे जेरी अंकल जिन्याने धापा टाकत घरी आले, तेव्हा ॲन्टोनेटने त्यांनाच पुलाचे साहेब समजून, "आमच्या गॅलरीत तुमचा पूल कशाला आणला?" म्हणून यथेच्छ झापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिल्वेस्टर हाफ पँटवर, हातात चहाचा कप घेऊन, गॅलरीत आला आणि समोरून येणारी टॅक्सी बघून जागच्या जागी गोठला. टॅक्सी नाकासमोर येऊन थांबली.

"रे रोड इधर से?"

"अरे, घर आहे हे! मागे घे, मागे घे!"

तिच्यामागे आणखी एक होती. तिच्यामागे एक स्कूटर, आणि हॉर्नचा हा कल्लोळ.

ॲन्टोनेट बाहेर आली. तिने रस्ता बघितला, मग गॅलरी बघितली. "कठडा कोणी कापला?"

"मी," सिल्वेस्टर म्हणाला.

तिने आत जाऊन आपला लाल परकर आणून त्याच्या हातात दिला. "मग हलव!"

तेव्हापासून सिल्वेस्टर रोज सकाळ-संध्याकाळ गॅलरीच्या टोकाला उभा राहून परकर हलवतो आणि गाड्या मागे फिरवतो. हितेंद्रने येऊन त्याचं तोंडभर कौतुक केलं आणि खात्यातर्फे एक शिट्टी देतो म्हणाला. शिट्टीची मंजुरी अजून यायची आहे.

परवा एका टॅक्सीवाल्याने त्याला आदराने विचारलं, "काका, ही सरकारी नोकरी का?"

"नाही रे."

"मग पगार कोण देतं?"

सिल्वेस्टर काही बोलणार, तोच किचनमधून ॲन्टोनेटचा आवाज आला, "पगार कसला? दोन टाइम जेवतो तो!"